पोराच्या मोबाइलमधलं विष : फोन काढून घ्यायचा, की बसून बोलायचं?

आत्याबाई | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळंच विचारायचंय आणि जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा भाचा १७ वर्षांचा, अकरावीला. भाऊ कोल्हापूरजवळ शिरोलीला फौंड्रीत, आठवड्याआड रात्रपाळी. वहिनी ब्लाऊज शिवते, दिवसभर मशीनवर. पोरगं फुटबॉलवेडं, पेठेतल्या तालमीच्या संघाकडनं खेळायचं. गेल्या दिवाळीआधी गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून तो, पलंग आणि मोबाइल.

परवा भावाकडं गेले होते. मी भाकरी थापत होते, तो ओट्याशेजारी स्टुलावर पाय लांब करून फोन बघत गालात हसत होता. मला वाटलं कॉमेडी रील असेल. भाकरी उलटताना नजर गेली तर एका माणसाला खांबाला बांधून मारत होते, वर ढोलाचं म्युझिक, खाली हसऱ्या इमोज्या. म्हटलं हे काय रे, तर म्हणतो, "आत्या, असंच पायजे यांना. तुला म्हाईत न्हाई, न्यूजवाले दाखवत न्हाईत." त्याची बहीण दुसरीत आहे, शेजारीच पाढे लिहीत होती. तिनं विचारलं, "दादा, त्यो मेला का?" तर हा म्हणाला, "मरू दे की."

भाकरी करपली, मला वासानंच कळलं.

२०१९ च्या महापुरात हेच पोरगं ११ वर्षांचं होतं, निवारा केंद्रात रात्र रात्र लोकांना चहा वाटायचं. तेव्हा कुणाचं आडनाव विचारलं नव्हतं त्यानं.

व्हिडिओ कुठल्या बाजूचे होते ते मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की धागा तिथंच फुटेल. मला एवढंच विचारायचंय : फोन काढून घेऊ? पोलिसात जाऊ? की बोलू, आणि बोलायचं तर सुरुवात कुठनं करू?

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री १०.५८

फोन काढून घ्या, विषय संपला. चार दिवस आदळआपट करेल, पाचव्या दिवशी जेवायला येईल.

झणझणीत_कट | सोमवार, रात्री ११.०५

विषय संपत नाही ओ. आमच्या थोरल्याचा काढून घेतला होता, त्यानं आज्जीच्या फोनवर अकाउंट उघडलं. आता आज्जीला दिवसभर बंदुकीच्या गेमचे व्हिडिओ येतात आणि ती चष्मा लावून बघते पण :)

तांबडा_पांढरा | सोमवार, रात्री ११.२०

ताई, बाजू सांगितल्याशिवाय सल्ला कसा देणार? एका बाजूचं पोरगं चिडून बोलतंय आणि दुसऱ्या बाजूचं खरंच कुठल्या तरी संघटनेच्या नादाला लागतंय, दोन्ही एकाच तराजूत कसं तोलायचं? स्पष्ट लिहा.

बावड्याचा_वकील | सोमवार, रात्री ११.४४

तांबडा_पांढरा, नेमकं हेच नको म्हणतायत त्या. आपलं पोरगं चिडलेलं आणि दुसऱ्याचं पोरगं अतिरेकी, हा हिशोब प्रत्येक बाजूचा सारखाच असतो. माझ्याकडं येणाऱ्या आईबापांचं पहिलं वाक्य ठरलेलं : "साहेब, आमचा तसा न्हाई ओ." कुठल्याही समाजाचे असूदेत, वाक्य बदलत नाही.

आणि कायदा बाजू बघत नाही. गटागटांत वैर वाढवणारा मजकूर टाकणं म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम १९६, पूर्वीचं १५३ अ. ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पोरगं १८ च्या आतलं असेल तर बाल न्याय मंडळापुढं जातं, पण आईबापाचे हेलपाटे काही चुकत नाहीत.

रील_कारागीर | मंगळवार, सकाळी ७.३०

मी चप्पल लाइनमधल्या दोन-तीन दुकानांची पेजं चालवतो, रोजचा धंदाच हा, म्हणून आतनं सांगतो. ॲपला तुमच्या जातीधर्माशी, रागाशी काही देणंघेणं नाही. तुम्ही किती सेकंद थांबला, काय लाइक-शेअर केलं हे मोजतं. चपलेचा व्हिडिओ लोक ३ सेकंद बघतात, हाणामारीचा शेवटपर्यंत बघतात, का तर पुढं काय होतंय कळल्याशिवाय बोट हलत नाही. शेवटपर्यंत बघितलं की तसलेच अजून चार येतात. पोरगं सहा महिने पलंगावर पडून असेल तर त्यानं काही शोधलेलं नसणार, ते आपोआप त्याच्याकडं आलंय.

पण खरी गोम रीलमध्ये नाही, रीलच्या खाली असते. कॉमेंटमध्ये कोणतरी लिहितो, "पूर्ण व्हिडिओ पायजे त्यांनी टेलिग्रामवर या." तिथं गेलं की बाहेरचा माणूस बघायला नाही, रिपोर्ट करणारा नाही. रील ही नुसती पाटी, दुकान आतल्या गल्लीत. ताई, तो कुठल्या ग्रुपात आहे ते आधी कळायला पाहिजे.

महाद्वार_दुकानवाला | मंगळवार, सकाळी ९.१५

७ जून २०२३ विसरलो नाही. काही जणांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवरनं सुरू झालं, मग बंदची हाक, शिवाजी चौकात गर्दी, दगडफेक, लाठीमार, नेट बंद. मी शटर अर्धं ओढून आत बसलो होतो आणि दगड घेऊन पळणारी पोरं बघत होतो. त्यातली दोन माझी गिऱ्हाइकं, दर गणपतीत शर्ट घ्यायला येणारी. ते मूळ स्टेटस तरी बघितलंयस का म्हणून नंतर विचारलं एकाला. नाही म्हणाला, स्क्रीनशॉट आला होता म्हणे. तो पण कुणी पाठवला आठवत नाही.

तेव्हापासून माझ्या फोनवर असलं काही आलं की मी पुढं ढकलत नाही, निषेध म्हणून पण नाही. "बघा किती वाईट आहे" म्हणून पाठवलेला व्हिडिओ पण तेवढाच पसरतो.

शाहूनगरी | मंगळवार, सकाळी ९.४०

शाहू महाराजांच्या भूमीत असलं टिकत नाही. २-४ टाळकी असतात, त्यांना जास्त महत्त्व देऊ नका.

चिकूची_आई | मंगळवार, सकाळी १०.०२

शाहूनगरी, मन दुखावणार नाही अशा बेतानं लिहिते, पण हे वाक्य मला आता सहन होत नाही. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेल्या कॉम्रेड गोविंद पानसरे अण्णांना याच भूमीत गोळ्या घातल्या, त्यांच्या पत्नी उमाताईंनाही गोळी लागली, २० तारखेला अण्णा गेले. ते २ टाळक्यांचं काम म्हणायचं का? भूमी काही करत नाही, माणसं करतात. महाराज नुसती पाटी लावून बसले नव्हते, समाजासमाजाच्या पोरांसाठी बोर्डिंगं म्हणजे वसतिगृहं काढली, दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आजही उभं आहे. खेड्यातलं पोरगं शहरात एकटं पडलं की कुणाच्याही हाताला लागतं हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी कळत होतं.

शाहूनगरी | मंगळवार, सकाळी १०.३०

मान्य. घाईत लिहिलं मी. बोर्डिंगचा मुद्दा पटला.

निवृत्त_फौजदार | मंगळवार, दुपारी १.१०

आत्याबाई, ३१ वर्षं खात्यात काढली, शेवटची काही सायबरकडं. सविस्तर लिहितो.

पोरगं एका दिवसात बिघडत नाही. आधी विनोद असतो. शिव्या, मीम, खिदळणं. कुणी टोकलं तर "मस्करी हाय" म्हणायची सोय असते. मग "आपल्यावर अन्याय झालाय" हे सुरू होतं, त्यात पाच टक्के खरं असतं म्हणून ते गळी उतरतं. मग ग्रुप. आणि ग्रुपमधनं एखादा 'दादा' वैयक्तिक मेसेज करायला लागतो. इथनं पुढं घरच्यांनी डोळ्यात तेल घालायचं. कारण हा दादा आधी कामाचं काहीच बोलत नाही. जेवलास का, परीक्षा कशी गेली, असंच. महिना-दोन महिन्यांनी म्हणतो, घरच्यांना हे कळणार नाही, चॅट डिलीट करत जा. चॅट डिलीट करायला सांगितलं की समजायचं, मस्करीचा टप्पा मागं पडला.

तुम्ही बघायचं ते हे : तो रात्री कुणाशी बोलतो, एखाद्या समाजाचं नाव न घेता "ते", "यांना", "किडे" असं बोलायला लागलाय का, जुने मित्र तोडलेत का, आणि पैसे, हत्यार, तारीख, जागा असलं काही बोलण्यात येतंय का. शेवटचं दिसलं तर वाट बघू नका, लगेच ११२ ला फोन करा. ते नसेल तर आधी घरात बोला. व्हिडिओचे स्क्रीनशॉट, लिंक, ग्रुपचं नाव, ॲडमिनचा नंबर तारखेसकट जपून ठेवा, राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार करता येते. १९३० ला फोन लावू नका, तो पैशाच्या फसवणुकीचा नंबर आहे, लोक घोळ करतात. आणि व्हिडिओ मला किंवा कुणालाही पाठवू नका.

नदाफ_कागलकर | मंगळवार, दुपारी ३.२५

फौजदार साहेबांनी लिहिलेला 'जेवलास का' वाला दादा मी बघितलाय. माझ्या चुलतभावाला भेटला होता तो २०१५ साली, फेसबुकवर. त्याच्या आदल्या वर्षी, मे २०१४ मध्ये कल्याणची चार पोरं आयसिस या अतिरेकी संघटनेत जायला यात्रेकरूंच्या गटाबरोबर इराकला गेली होती, त्यातला एक त्याच वर्षी नोव्हेंबरात परत आला, सगळ्या पेपरात होतं. बेंगळुरूत ट्विटर खातं चालवणारा एक जण डिसेंबर २०१४ मध्ये पकडला, दिवसा नोकरी आणि रात्री आयसिसचा प्रचार, १७ हजारांवर फॉलोअर. आमच्या घरात हे पेपर मोठ्यानं वाचले जायचे आणि भाऊ उठून गच्चीवर जायचा. आम्हाला वाटायचं लाज वाटतेय. तो गच्चीवर जाऊन त्यांचीच बाजू वाचत होता.

त्याला बाहेर काढलं आमच्या मोठ्या अब्बांनी. ते शेतकरी माणूस, फोन वापरता येत नाही. त्यांनी ओरडायचं सोडलं आणि त्याला रोज पहाटे उसाला पाणी पाजायला बरोबर न्यायला लागले. बोलायचं काही नाही. वीस-पंचवीस दिवसांनी बांधावर बसून तोच बोलला. म्हणाला, ते म्हणतात तुम्ही सगळे भित्रे आहात. अब्बा म्हणाले, मग भित्र्यांच्या घरचं जेवतोस त्याचं काय? दोघं हसले म्हणे. आज तो गडहिंग्लजला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो.

तांबडा_पांढरा भाऊ, तुम्ही 'खरंच संघटनेच्या नादाला लागणारी बाजू' म्हणालात ना, त्या बाजूचं एक घर हे असं होतं. राग नाही, फक्त कळावं म्हणून लिहिलं.

तांबडा_पांढरा | मंगळवार, दुपारी ४.००

वाचलं. नदाफ दादा, माझं ते वाक्य मागं घेतो.

करवीर_ते_बर्लिन | मंगळवार, संध्याकाळी ६.१५

नदाफ दादांचा प्रतिसाद दोनदा वाचला. इकडं जर्मनीत नवनाझींच्या टोळ्यांतनं बाहेर पडणाऱ्यांना मदत करणारी 'एक्झिट' म्हणून संस्था आहे. २०११ मध्ये त्यांनी काय केलं बघा. गेरा गावात नवनाझींचा रॉक फेस्टिव्हल होता, तिथं २५० टी-शर्ट फुकट वाटले. वर कवटी आणि झेंडे, पोरं खूश. घरी जाऊन धुतले तर वरचा रंग निघून गेला आणि खालनं अक्षरं आली : तुझ्या टी-शर्टला जमलं ते तुलाही जमेल, आम्ही तुला बाहेर पडायला मदत करू. टी-शर्ट वाचणारा घरात एकटा असतो, टोळीसमोर मान खाली घालावी लागत नाही, ही त्यातली मेख.

दुसरं, वुन्सीडेल गावात दरवर्षी त्यांचा मोर्चा यायचा. २०१४ मध्ये गावकऱ्यांनी ठरवलं, मोर्चा जेवढे मीटर चालेल तेवढ्या मीटरला १० युरो आपण 'एक्झिट'ला द्यायचे. रस्त्यावर अंतराच्या खुणा मारल्या, शेवटी आभाराचा फलक. १० हजार युरो जमले, नाझी चालले तेवढे त्यांच्याच विरोधात :)

झणझणीत_कट | मंगळवार, संध्याकाळी ६.२२

हे लै भारी! आपल्याकडं डीजेच्या डेसिबलवर असंच काहीतरी लावा, पंचगंगा घाट सोन्याचा होईल.

पंचगंगाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६.५०

टी-शर्ट वगैरे ऐकायला छान आहे, पण मुळात कंपन्या हे व्हिडिओ ठेवतातच कशाला? पैसा कमवायचा त्यांनी आणि पोरं सुधारायची आत्याबाईंनी? सरकारनं एका दिवसात बंद केलं पाहिजे.

रील_कारागीर | मंगळवार, रात्री ८.०५

काढतात, पण त्यात काय अडचण आहे ते सांगतो. १५ मार्च २०१९, न्यूझीलंडचं क्राइस्टचर्च. दोन मशिदींत मिळून ५१ माणसं मारली, मारणाऱ्यानं फेसबुकवर लाइव्ह केलं, १७ मिनिटं. लाइव्ह बघणारे २०० च्या आत होते आणि लाइव्ह चालू असताना एकानंही रिपोर्ट केला नाही. पहिला रिपोर्ट सुरुवातीपासून २९ मिनिटांनी. मग २४ तासांत १५ लाख कॉप्या काढल्या, त्यातल्या १२ लाखांवर अपलोड होतानाच अडवल्या, हे फेसबुकनंच सांगितलेले आकडे.

अडवतात कसं? प्रत्येक व्हिडिओचा ठसा काढून ठेवतात, बोटाच्या ठशासारखा. २०१७ पासून मोठ्या कंपन्या हे ठसे एकमेकांना देतात. पण कुणी कडेची पट्टी कापली, रंग बदलला, टीव्हीच्या पडद्यावरनं परत शूट केलं की ठसा बदलतो. त्या एका व्हिडिओची ८०० वर वेगळी रूपं सापडली होती. युरोपात २०२२ पासून आदेश आल्यावर एका तासात काढायचा कायदा आहे. तो एक तास पण फॉरवर्डला लै होतो.

चिकूची_आई | मंगळवार, रात्री ८.३०

फॉरवर्डवरनं राईनपाडा आठवलं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा. पोरं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज फिरत होते आणि भिक्षुकीला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठेचून मारलं. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी ५ चॅटनाच फॉरवर्ड करायची मर्यादा आणली. २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं, आणि असले मेसेज ७० टक्क्यांनी घटले असं कंपनीच सांगते. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. पाच माणसं मरायची वाट कशाला बघायची?

सोसायटी_सेक्रेटरी | मंगळवार, रात्री ९.००

अवांतर विचारतो. मी ४ ग्रुपचा ॲडमिन आहे. कुणी असलं काही टाकलं तर मी आत जाणार का?

बावड्याचा_वकील | मंगळवार, रात्री ९.२५

मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय की निव्वळ ॲडमिन आहे म्हणून दुसऱ्याच्या पोस्टचा गुन्हा त्याच्यावर लागत नाही, तुमचा त्यात हात किंवा आधीचं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. पण डिलीट करायचं बटण तुमच्या हातात आहे. दाबा की.

सोसायटी_सेक्रेटरी | मंगळवार, रात्री ९.३१

दाबतो. सुरुवात मेव्हण्यापासून करावी लागेल, घरी काय होईल देव जाणे :)

झणझणीत_कट | मंगळवार, रात्री ९.३४

मेव्हण्याला काढलंत तर पाडव्याला जेवायला आमच्याकडं या.

पंचगंगाकाठ | बुधवार, सकाळी ८.१०

मूळ धाग्याकडं येऊया का? आत्याबाई गप्प आहेत दोन दिवस. काय झालं?

आत्याबाई | गुरुवार, रात्री ११.५०

सगळे प्रतिसाद वाचले, काही भावाला पण वाचून दाखवले. आज सांगण्यासारखं थोडं आहे.

काल संध्याकाळी गेले. फोनचं नाव काढलं नाही. नदाफ दादांच्या अब्बांचं डोक्यात होतं, पण आमच्याकडं ऊस कुठला, म्हणून गुडघ्याला तेल चोळायला बसले. फिजिओनं सांगितलेले व्यायाम तो करतच नव्हता, पाय वाळलाय नुसता. चोळता चोळता विचारलं, दुखतंय का रे अजून. तर म्हणाला, "तू दुसरीच हायस विचारणारी." मी म्हटलं पहिलं कोण? थोडा वेळ गप्प बसला. मग फोन काढून दाखवला.

फौजदार साहेब, तुम्ही लिहिलंत तसाच 'दादा'. नाव खोटं असणार, डीपीला सिंहाचं चित्र. रोज रात्री साडेअकराला मेसेज. "गुडघा कसा आहे वाघा?" रोज. सहा महिन्यांत तालमीतल्या एकानं फोन केला नव्हता, बाप रात्रपाळीला, आई मशीनवर, आणि मी दर रविवारी जेवून निघून येणारी. गुडघा कसा आहे विचारणारा तो सिंह एकटाच होता.

गेल्या आठवड्यात त्या दादानं चॅट डिलीट करत जा म्हणून सांगितलं होतं. पोरानं केलं नव्हतं. का नाही केलंस विचारलं, तर म्हणाला, "भारी वाटायचं परत वाचायला."

मी रडले नाही त्याच्यासमोर. हत्यार, तारीख, जागा असलं काही दिसलं नाही, मी आणि भावानं मिळून सगळं वाचलं. स्क्रीनशॉट घेतले, आज पोर्टलवर तक्रार टाकली, त्यालाच शेजारी बसवून, त्याच्याच हातानं. ग्रुपमधनं बाहेर पडला. तो व्हिडिओ कुठला आहे ते पण शोधलं आम्ही, तर तो भारतातला नव्हताच, दुसऱ्या देशातला जुना व्हिडिओ वर मराठी अक्षरं टाकून फिरवलेला. ते बघून त्याला माझ्यापेक्षा जास्त राग आला, फसवलं म्हणून.

सगळं निवळलं असं नाही. "काही गोष्टी खऱ्या पण हायत आत्या" म्हणतो अजून, आणि मी ऐकून घेते. रात्री साडेअकराला मी स्वतः मेसेज करते, गुडघा कसा आहे. काल उत्तर आलं नाही, निळी खूण आली. आज "बरा" एवढं आलं.

फुटबॉलचं मात्र अडलंय. डॉक्टर पळायला सोडत नाहीत आणि मैदानाकडं जायचं म्हटलं की तोंड फिरवतो, आता तिथं मला कोण विचारतंय म्हणतो.

साईडलाइन_कोच | शुक्रवार, सकाळी ५.३५

ताई, मी १४ वर्षांखालची पोरं घेतो, शाहू स्टेडियमच्या बाजूला, सकाळी सहाला. पळायचं नाही त्यानं. मला वेळ धरायला आणि कोण कुठं चुकतंय लिहायला एक डोळस माणूस पाहिजे, पोरं २२ आहेत आणि मी एकटा. शिट्टी माझ्याकडं जादा आहे, वही त्याला आणायला सांगा. आणि गुडघ्याचे व्यायाम माझ्यासमोर करायचे, तेवढी अट.

आत्याबाई | शुक्रवार, सकाळी ५.५२

वही शोधतोय. मी रिक्षानं घेऊन येते, दहा मिनिटं उशीर होईल, थांबा.